हात कुठे टेकतो, त्यावर पगार ठरतो: एनएफएलमधल्या डिफेन्सिव्ह लाइनमनची कारकीर्द

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा टेक्ससमधल्या हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो, डिफेन्सिव्ह टॅकल म्हणून, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेत आतल्या बाजूला. वय १६, उंची ६ फूट १ इंच, वजन २४५ पौंड. प्रशिक्षक म्हणतात, पुढे जाईल. घरात या खेळातलं कुणाला फारसं कळत नाही. एनएफएल, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगपर्यंतची वाट कशी असते, तिथे नेमकं काम काय, पैसा कसा मिळतो, शरीराचं काय होतं? आणि सॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू सुटण्याआधी खाली पाडण्याच्या, यादीत ज्यांचं नावही नसतं, त्यांना एवढे मोठे करार कसे मिळतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. डिफेन्सिव्ह लाइनमन (बचावाच्या पहिल्या रांगेतला खेळाडू) हे एक काम नाही, तीन-चार वेगवेगळी कामं आहेत. चेंडू स्नॅप होण्याआधी, म्हणजे तो मागे क्वार्टरबॅककडे जाऊन डाव सुरू होण्याआधी, खेळाडू जमिनीवर हात कुठे टेकतो, म्हणजे समोरच्या कोणत्या माणसाच्या कोणत्या खांद्यासमोर बसतो, त्यावर त्याचं वजन, त्याचा सराव, त्याचे आकडे आणि त्याचा पगार ठरतो. फूटभर सरकलं की धंदाच बदलतो.

समोरची, म्हणजे चेंडू असलेल्या संघाची, रांग अशी असते: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल (हा डिफेन्सिव्ह टॅकलपेक्षा वेगळा) आणि बहुतेक वेळा एका टोकाला टाइट एंड. सेंटर आणि गार्डमधली फट म्हणजे ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकल आणि टाइट एंडमधली सी, त्याच्याही बाहेर डी. बचावाच्या जागांना आकडे आहेत. सेंटरच्या नाकासमोर बसला तर ० टेक्निक, सेंटरच्या एका खांद्यावर १, गार्डच्या नाकासमोर २, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर ३, टॅकलच्या नाकासमोर ४, त्याच्या बाहेरच्या खांद्यावर ५, टाइट एंडच्या बाहेर ९. आतल्या खांद्यावर बसायचं असेल तर आकड्यामागे ‘आय’ लागतो: २आय, ४आय. टाइट एंडचा आतला खांदा मात्र ७. हा आकडा क्रम मोडतो आणि नवी पोरं पहिला महिना तिथेच अडखळतात.

० आणि १ वर बसतो तो नोज टॅकल. वजन साधारण ३२० ते ३५० पौंड, म्हणजे १४५ ते १५९ किलो. सेंटर आणि गार्ड अशा दोघांना स्वतःवर ओढून घ्यायचं आणि जागा सोडायची नाही, हे त्याचं काम. त्याच्यामागचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) मोकळा राहतो आणि टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला खाली पाडणं, लाइनबॅकरच्या नावावर लागतो. ३ टेक्निकवाला २८० ते ३१० पौंडांचा असतो. त्याच्यासमोर एकटा गार्ड आणि शेजारी उघडा बी गॅप. क्वार्टरबॅककडे जाण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच. ५ ते ९ वर एंड, २६० ते २८० पौंडांचा, लांब हातांचा. तो टॅकलला बाहेरून वळसा घालतो.

आता करार बघा. डेमन हॅरिसन हा आयोवातल्या विल्यम पेन विद्यापीठातून आलेला, ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात) कुणीही न निवडलेला नोज टॅकल. २०१२ मध्ये जेट्स संघाने त्याला घेतलं. चार हंगामांनंतर त्याचे सॅक एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. तरी २०१६ मध्ये जायंट्सने त्याला ५ वर्षांचा ४.६२५ कोटी डॉलरचा करार दिला आणि त्याच हंगामात तो ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवडला गेला. धाव, म्हणजे चेंडू घेऊन पळण्याचा डाव, रोखण्यात त्याच्याइतका भरवशाचा माणूस तेव्हा लीगमध्ये क्वचितच कुणी होता. दुसरीकडे चीफ्सचा ख्रिस जोन्स. तो बसतो डिफेन्सिव्ह टॅकलच्या जागी, पण पास-रशर म्हणून, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. मार्च २०२४ मध्ये त्याला ५ वर्षांचे १५.८७५ कोटी डॉलर मिळाले. मधल्या आठ वर्षांत संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादाही वाढली आहे, हे खरं. तरी दरी त्याहून कितीतरी मोठी आहे. धाव रोखणाऱ्याला मान मिळतो, क्वार्टरबॅकला हलवणाऱ्याला पैसा. न्याय-अन्यायाचा हा प्रश्न नाही. लीग पासवर चालते म्हणून बाजार असा आहे.

त्यातही एक बारकावा आहे. नोज टॅकल सहसा पहिल्या-दुसऱ्या डाउनला मैदानात असतो (१० यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यातली प्रत्येक म्हणजे एक डाउन). तिसऱ्या डाउनला पास येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तेव्हा त्याला बाहेर बसवतात. सामन्यात बचावाचे साठ-पासष्ट स्नॅप झाले तर त्याच्या वाट्याला पंचवीस-तीस येतात. तुमचा मुलगा ६ फूट १ इंच आहे. ही उंची एंडसाठी कमी, नोजसाठी चालणारी आणि ३ टेक्निकसाठी पुरेशी. ॲरन डोनाल्डची उंची एवढीच, वजन २८० च्या आसपास आणि हाताची लांबी ३३ इंचांपेक्षा कमी. २०१४ मध्ये रॅम्सने त्याला १३ व्या क्रमांकावर घेतलं. उंची आणि हात मोजून त्याला मागे ठेवणारे संघ पुढची दहा वर्षं हळहळले.

कामाच्या तंत्रावर जरा थांबतो, कारण कारकीर्द इथेच घडते किंवा मोडते.

बसण्याची पद्धत: पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, मागच्या पायाची बोटं पुढच्या पायाच्या मधल्या उंचवट्याच्या रेषेत, एक हात डोळ्याखाली जमिनीवर, कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर. हातावर इतकाच भार की हात काढला तर माणूस पुढे कलेल, तोंडावर पडणार नाही. नवखा खेळाडू पाय फार लांब ताणतो. मग पहिलं पाऊल पुढे न पडता आधी मागे पडतं आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. नजर चेंडूवर. क्वार्टरबॅकच्या आरोळीवर उठणारा आठवड्यातून एकदा तरी ऑफसाइड होतो आणि ५ यार्ड फुकट देतो. बऱ्याच क्वार्टरबॅकचं निम्मं कसब त्या आरोळीत असतं. कान बंद ठेवायचे, चेंडू हलला की उठायचं.

दुसरं, हात. अंगठे वर, कोपर आत, पंजे समोरच्याच्या छातीवर, त्याच्या काखेच्या आतल्या बाजूला. मग कोपर ताठ. हात आत कुणाचे आणि बाहेर कुणाचे, यावर पुढचे दोन सेकंद ठरतात. ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत सुरुवातीची हाताची झटापट पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की इथे समोरच्याकडे १४० किलो आहेत आणि निकाल तीन सेकंदांत लागतो. आणि उंची: खांदे ज्याचे खाली, जोर त्याचा. उठून उभा राहिला की छाती उघडी पडते, आणि मग तो कितीही तगडा असला तरी मागे जातो.

तिसरं, वाचन. समोरचा गार्ड पहिल्या पावलातच काय होणार ते सांगतो. हेल्मेट वर आलं आणि तो मागे सरकला तर पास. हेल्मेट खाली आणि सरळ अंगावर तर धाव याच बाजूला. गार्ड आतल्या बाजूला दुसऱ्यालाच ब्लॉक करायला गेला आणि तुम्हाला मोकळं सोडलं, तर खूश व्हायचं नाही. कुणीतरी पलीकडून धावत येऊन बरगडीवर आदळणार आहे; त्याला ट्रॅप म्हणतात. तेव्हा पुढे न धावता गार्डच्या पाठीला चिकटून ती फट बुजवायची. आणि पासवर गार्डने हात लावून लगेच सोडून दिलं तर तो स्क्रीन पास आहे, म्हणजे रशरला मुद्दाम पुढे येऊ देऊन त्याच्यामागे टाकलेला छोटा पास. वेग मारून क्वार्टरबॅककडे गेलेला लाइनमन तिथे हमखास उल्लू बनतो.

डबल टीम (एकावर दोघांचा ब्लॉक) जवळून बघू, कारण टीव्हीवर ती ढिगाऱ्यासारखी दिसते. ३ टेक्निकवाला गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर आहे. स्नॅप होतो. गार्डचा खांदा छातीला लागतो आणि त्याच क्षणी बाहेरून टॅकलची ढुशी कमरेवर बसते. इथे चेंडू कुठे गेला ते पाहायला मान वळली की कंबर वर येते आणि दोघे मिळून त्याला तीन यार्ड मागे, थेट लाइनबॅकरच्या पायांत नेऊन टाकतात. बरोबर उत्तर असं: गार्डवरचे हात सोडायचे नाहीत. कमरेवर दाब जाणवताच बाहेरचा गुडघा खाली सोडायचा आणि नितंब टॅकलच्या दिशेने ढकलायचं. अंग आडवं करून दोघांच्या मधे पाचर मारायची. पुढे जाता आलं नाही तरी चालेल. तिथेच गुडघा जमिनीजवळ ठेवून ढीग केला तरी काम झालं. गार्डला दोन सेकंद धरून ठेवलं तर तो लाइनबॅकरपर्यंत पोचत नाही आणि आकडेवारीत लाइनबॅकरचं नाव लागतं. ढकलणाऱ्या दोघांना गरगर फिरून चुकवायचा मोह मोठा असतो. दहात एकदा ते जमतं, नऊदा पाठ दाखवून माणूस उडतो.

पास-रशमध्ये घड्याळ शत्रू आहे. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास राहतो. तेवढ्यात एक डाव आणि फसला तर एक तोड, इतकंच जमतं. बुल रश म्हणजे छातीवर हात ठेवून सरळ मागे रेटणं. रिप म्हणजे खालून कोपर घुसवून काख उचलणं. क्लब-स्विम म्हणजे एका हाताने खांदा झोडून दुसरा हात वरून काढणं. यात काख उघडी पडते, त्यामुळे बुटक्याने जपून वापरावा. क्रॉस-चॉप म्हणजे समोरच्याचे हात मनगटावर खाली मारणं. रेजी व्हाइटचा हंप वेगळाच: आधी बाहेरून वेगाचं सोंग, टॅकलचा भार बाहेरच्या पायावर गेला की आतल्या हाताने त्याला उचलून बाजूला फेकायचं. चांगल्या रशरकडे दहा डाव नसतात. दोन असतात, आणि दोघांची सुरुवात एकसारखी दिसते. समोरच्याला कुठला येणार ते कळत नाही, फायदा एवढाच.

चुका कुठे होतात? क्वार्टरबॅकच्या मागे निघून जाणं ही सगळ्यात महागडी. टॅकल तुम्हाला मुद्दाम वळसा घालू देतो, क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकतो आणि तुम्ही सोडलेल्या फटीतून दहा यार्ड पळतो. दुसरी चूक जोडीच्या डावातली. डिफेन्सिव्ह टॅकल आणि एंडच्या अदलाबदलीत पहिला माणूस शेजारच्या ब्लॉकरच्या कमरेवर घुसतो आणि दुसरा त्याच्या मागून वळून आत येतो. दुसरा घाई करतो किंवा लांबून फिरतो, आणि समोरचे दोघे निवांत अदलाबदल करून घेतात. तिसरी चूक म्हणजे पोचता येत नाही हे कळूनही ढकलत राहणं. तिथे हात वर करायचे. जे. जे. वॉटने २०१२ च्या हंगामात १६ पास अडवले, लाइनवर बसून.

सगळं एकत्र बघायचं असेल तर १३ फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, शेवट पाहा. रॅम्स २३, बेंगल्स २०. मिनिटाहून कमी वेळ उरलेला. तिसरा डाउन, एक यार्ड हवा. डोनाल्ड बॉलकॅरियरला तिथल्या तिथे पकडतो. चौथा डाउन, तोच एक यार्ड. यावेळी पास. डोनाल्ड गार्डला मागे टाकून थेट बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरोला मिठी मारतो आणि फिरवतो. चेंडू सुटतो, पण कुणाच्याही हाती लागत नाही. अधिकृत नोंदीत हा सॅक नाही. करंडक मात्र त्या एका मिठीत आला.

सॅक हा आकडा तसा अलीकडचा आहे. लीगने तो अधिकृतपणे मोजायला १९८२ मध्ये सुरुवात केली. ब्रूस स्मिथचे २०० आणि रेजी व्हाइटचे १९८ हे शिखर. डोनाल्ड १११ वर थांबला, पण बहुतेक आतल्या जागांवरून, जिथे दोघे अंगावर असतात. २०१८ मधले त्याचे २०.५ हे आतल्या लाइनमनसाठी अफाट आहेत. म्हणून संघ सॅकपेक्षा प्रेशर मोजतात: किती वेळा क्वार्टरबॅकला घाई करायला लावली, किती वेळा डबल टीम ओढून घेतली.

आता वाट. हायस्कूलनंतर किमान तीन वर्षं गेल्याशिवाय ड्राफ्टमध्ये नाव देता येत नाही, म्हणजे कॉलेज टाळता येत नाही. डिव्हिजन १ (कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा स्तर) साठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (चारपैकी सरासरी गुण) लागतो. अकरावीत गणित बुडालं तर छाती कितीही रुंद असो, दार बंद. मराठी घरात हा भाग आपोआप सांभाळला जातो असं गृहीत धरू नका. सरावामुळे मुलं थकून झोपतात आणि निकाल हळूहळू घसरतो. कॉलेजमध्ये पहिल्या वर्षी चारपर्यंत सामने खेळूनही पात्रतेचं, म्हणजे कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या मोजक्या वर्षांतलं, वर्ष राखता येतं, आणि लाइनमनसाठी ते वर्ष सोन्यासारखं असतं, कारण १८ वर्षांचं शरीर २२ वर्षांच्या शरीरापुढे उभं राहत नाही. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे (जाहिरातींचे वगैरे) पैसे घेता येतात आणि २०२५ पासून विद्यापीठंही थेट वाटा देऊ लागली. कॉलेज निवडताना पैशाआधी लाइनचा प्रशिक्षक कोण, तिथे बचाव कसा खेळतात आणि तुमच्या मुलाच्या जागेवर आधीच किती जण आहेत, ते विचारा. एक गॅप सांभाळून आत घुसणाऱ्या पद्धतीत वाढलेला मुलगा दोन गॅप धरणाऱ्या संघात गेला तर त्याची दोन वर्षं पुसली जातात.

उशिरा सुरुवात झाली म्हणून मात्र घाबरू नका. घानातून आलेल्या झिगी ॲन्साने २०१० पर्यंत हा खेळ खेळलाच नव्हता. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तो शिकला आणि २०१३ मध्ये लायन्सने त्याला ५ व्या क्रमांकावर घेतलं.

ड्राफ्टआधी इंडियानापोलिसमध्ये मापं घेतात: उंची, वजन, हात, पंजा, ४० यार्ड धाव, उड्या, तीन शंकूंची धाव आणि २२५ पौंडांचा बेंच प्रेस किती वेळा होतो ते. डोनाल्डने ४० यार्ड ४.६८ सेकंदांत कापले आणि बेंच ३५ वेळा मारला. माझं मत विचाराल तर लाइनमनसाठी ४० मधले पहिले १० यार्डच बघायचे. पूर्ण ४० यार्ड तो सामन्यात क्वचितच सरळ पळतो.

ड्राफ्टमध्ये सात फेऱ्या असतात. निवड झाली तर चार वर्षांचा करार, आणि पहिल्या फेरीत असाल तर पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात. निवड झाली नाही तर तीन वर्षांचा करार. तिथूनही माणूस वर येतो: जॉन रँडल १९९० मध्ये ड्राफ्टशिवाय व्हायकिंग्समध्ये आला, १३७.५ सॅक करून गेला आणि आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. पण त्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी ऑगस्टचा शेवटही सांगावा. शिबिराला प्रत्येक संघात ९० जण येतात आणि हंगामाआधी ५३ उरतात. लाइनवर त्यांतले आठ-नऊ, फार तर दहा. शेवटची जागा बहुधा किकच्या ब्लॉकिंगला उभा राहू शकणाऱ्याला किंवा आतून-बाहेरून दोन्हीकडे खेळू शकणाऱ्याला जाते. उरलेल्यांपैकी काही सराव संघात राहतात.

पैशाचा हिशोब असा. २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार ८,४०,००० डॉलर होता. सराव संघात नव्या खेळाडूला आठवड्याला १३,०००; अठरा आठवडे टिकला तर २,३४,०००. बातमीत छापून येणारा करार आणि हातात पडणारा पैसा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, कारण बराचसा पगार हमीचा नसतो. २०१८ मध्ये डोनाल्डचा १३.५ कोटींचा करार झाला, त्यात हमीचे ८.७ कोटी. मधल्या फळीतल्या लाइनमनच्या करारात दोनच वर्षं खरी समजायची, बाकी कागदावर. संघाला तो नकोसा झाला की मार्चमध्ये फोन येतो. म्हणून वाटाघाटीत एकूण रकमेकडे न बघता साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दल मिळणारी रक्कम) आणि हमीची रक्कम बघायची. एजंटचं कमिशन ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. कर जिथे जिथे सामना खेळला त्या त्या राज्याचा लागतो, तेव्हा पहिल्याच वर्षी क्रीडापटूंचे कर भरणारा हिशेबनीस गाठावा. टेक्सस आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात तो देशात सगळ्यात जड. करार तोलताना हा फरक धरायचा.

चार हंगाम मान्य झालेले असले आणि करार संपला की खेळाडू मोकळा होतो, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करू शकतो, आणि खऱ्या कमाईचा करार तिथे होतो. एका हंगामाची गणना व्हायला सहा सामने पूर्ण पगारी यादीत असावं लागतं. पेन्शनचा हक्क आणि निवृत्तीनंतरचा पाच वर्षांचा आरोग्यविमा तीन हंगामांनी मिळतो, त्यासाठी प्रत्येक हंगामात तीन सामने पुरतात. दुसऱ्या वर्षी गुडघा गेलेल्याला हा फरक फार महाग पडतो.

आठवडा कसा जातो? सामना रविवारी. सोमवारी चित्रफीत आणि हलकं वजन, मंगळवारी सुटी, बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनचा आराखडा, गुरुवारी तिसरा डाउन, शुक्रवारी गोलरेषेजवळचे डाव, शनिवारी चालत-चालत उजळणी. लोकांना वाटतं रोज धडका असतात. संपूर्ण हंगामात पॅड घालून सराव करायला १४ वेळाच परवानगी आहे. म्हणून तंत्र उन्हाळ्यात पक्कं करावं लागतं. हंगामात शिकायला वेळ नसतो, फक्त टिकवायला असतो.

शरीराबद्दल गोड बोलत नाही. बोटं निखळणं हे रोजचं, ती टेपने शेजारच्या बोटाला बांधून खेळतात. खांद्याची कड फाटणं, छातीचा स्नायू तुटणं, घोट्याचा वरचा मुरगळा, गुडघ्याचा अस्थिबंध, टाचेमागची शीर: यांतलं काहीतरी जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं. वजनदार माणसाची टाचेमागची शीर गेली की पहिलं पाऊल पूर्वीसारखं परतेलच असं नाही, आणि ३ टेक्निकचा सगळा व्यवसाय पहिल्या पावलावर आहे. डोक्याचा प्रश्न निराळा. लाइनमनला मोठे आघात कमी बसतात, छोटे जवळजवळ प्रत्येक स्नॅपला बसतात. २०२२ मध्ये शिबिरातल्या सरावात लाइनमनना हेल्मेटवर मऊ टोपी सक्तीची झाली. दोघांनी मिळून एकाने वर धरायचं आणि दुसऱ्याने पायावर मारायचं, हा चॉप ब्लॉक २०१६ पासून पूर्ण बंद आहे. बचावपटूवरही बंधनं वाढली: २०१८ पासून क्वार्टरबॅकवर अख्खं वजन टाकून पडलं तर १५ यार्ड आणि आपोआप पहिला डाउन. खाली पाडताना अंग बाजूला वळवायची सवय आता शाळेपासूनच लावावी लागते.

टिकतो कोण? कॅलेस कॅम्पबेलला २००८ मध्ये कार्डिनल्सने ५० व्या क्रमांकावर घेतलं आणि २०२४ मध्ये ३८ व्या वर्षी तो डॉल्फिन्सकडून खेळत होता. तरुणपणी एंड, पुढे आत सरकला, स्नॅप कमी केले. वेग घटला की जागा बदलायची, हे ज्याला वेळेवर उमगतं तो चार-पाच वर्षं जास्त खेळतो. उलट डोनाल्डने मार्च २०२४ मध्ये ३२ व्या वर्षी, अजून सर्वोत्तमांत गणला जात असताना, खेळ सोडला. खेळ सुटल्यावर पहिलं काम म्हणजे वजन उतरवणं. दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी खायची सवय शरीराला लागलेली असते, आणि १४० किलो पेलणारं हृदय व्यायामाशिवाय लवकर कुरकुरतं. पहिल्याच वर्षी वीस-पंचवीस किलो उतरवणारे पुढे बरे राहतात. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं यांची तपासणी मात्र खेळत असतानाच करून घ्यावी. जाड मानेच्या माणसांत हा त्रास सर्रास असतो आणि घरातले तो हसण्यावारी नेतात.

तुमच्या मुलाने या वर्षी काय करावं? हिवाळ्यात शाळेच्या कुस्ती संघात जावं. तिथे सर्वांत जड गटाची मर्यादा २८५ पौंड आहे, म्हणजे तो बसतो. हाताची झटापट आणि कंबर खाली ठेवणं तिथे जितकं शिकेल तितकं कुठल्याच खासगी शिबिरात नाही. वसंतात गोळाफेक. वजन महिन्याला किलो-दीड किलोपेक्षा जास्त वाढवू नये. पहिल्या १० यार्डांची वेळ घड्याळावर नोंदवत राहावी, आणि वजन वाढताना ती मंदावली तर तिथे थांबावं. घरी शाकाहार असेल तर वरण-भातावर हे शरीर उभं राहणार नाही. दर किलो वजनामागे दिवसाला दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतील; पनीर, दही, डाळी, सोया आणि व्हे पावडर मिळून ती गाठता येतात, पण मोजूनच.

ऑगस्टच्या सरावात टेक्ससचं ऊन हा खरा धोका आहे. सरावाआधी आणि नंतर वजन करायला सांगा. घटलेल्या प्रत्येक अर्ध्या किलोमागे अर्धा ते पाऊण लिटर पाणी, सोबत मीठ. मुलगा भांबावल्यासारखा बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर सावलीत बसवून वाट बघायची नाही. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची. शाळेच्या मैदानावर असा टब भरलेला असतो का, हे पहिल्याच पालकसभेत विचारा.

आणि कॉलेजांना पाठवायची चित्रफीत: तीन मिनिटं, संगीत नको. पहिल्या पाच डावांत सॅक एकच पुरे. बाकीच्यांत दुहेरी ब्लॉकखाली न हललेला डाव, पलीकडच्या बाजूला पळत जाऊन पकडलेला माणूस, आणि एक असा डाव जिथे त्याने नुसतं दोघांना धरून ठेवलं आणि टॅकल दुसऱ्याने केला. चित्रण शक्यतो गोलपोस्टच्या मागून, उंचावरून घेतलेलं असावं. बाजूने काढलेल्या चित्रणात हात कुठे टेकला होता तेच दिसत नाही.